सुईणीनंतर, सिझरच्या आधी

नागपूरच्या जुन्या माणसाला जन्म कुठला म्हणून विचारलं तर तो गावाचं नाव सांगत नाही, दवाखान्याचं सांगतो. मेयोचा. डागातली. मेडिकलचा. आणि बर्डी, धंतोली, महालाकडची साठीपुढची मंडळी असली तर बऱ्याचदा उत्तर येतं, "मातृ सेवा संघातला." माझी आई तिथलीच, १९३६ ची. मी स्वतः जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून नर्स झाले आणि निम्म्याहून जास्त नोकरी लेबर रूममध्ये काढली. त्यामुळे कुठल्याही दवाखान्याच्या इतिहासाचं पुस्तक हातात आलं की मी आधी शोधते ते एकच: रात्रपाळीला कोण होतं? ते कुठंच लिहिलेलं नसतं. इमारतीची कोनशिला कुणी बसवली ते असतं, देणगीदारांची यादी असते, उद्घाटनाचा फोटो असतो. फोटोत नर्सेस असल्याच तर शेवटच्या रांगेत, निम्म्या चेहऱ्यावर पुढच्या साहेबाचा फेटा.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते, ती पुष्कळांना ठाऊक आहे. भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं, १८६१ ला नागपूर मध्य प्रांताची राजधानी झालं, आणि राजधानी म्हटली की कचेरी, तुरुंग, दवाखाना हे आलंच. मेयोची सुरुवात त्याच १८६० च्या दशकातली. ज्या लॉर्ड मेयोचं नाव त्याला चिकटलं तो व्हाइसरॉय १८७२ मध्ये अंदमानात एका कैद्याच्या सुरीनं मेला. आता पाटीवर इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असं लिहिलंय, पण ऑटोवाल्याला तसं सांगून पाहा, तो तुमच्याकडेच बघत राहील. मेडिकल कॉलेज १९४७ चं. आणि एक गंमत बघा, मनोरुग्णालय या शहराला १८६४ मध्येच मिळालं होतं. अडलेल्या बाळंतिणीला मात्र पुढं कितीतरी वर्षं घरातल्या अंधाऱ्या खोलीशिवाय दुसरी जागा नव्हती.

बायकांसाठी दवाखाने निघाले ते एकोणिसावं शतक संपता संपता. व्हाइसरॉयच्या बायकोनं, लेडी डफरिननं, १८८५ मध्ये फंड काढला, त्यातून देशभर जनाना दवाखाने झाले, नागपुरातही डफरिन झालं. स्कॉटिश मिशनच्या डॉक्टरणींनी बर्डीवर म्यूर मेमोरियल उभं केलं. म्हणजे खाटा होत्या, डॉक्टरणी होत्या, औषध होतं. तरी घरंदाज म्हणवणाऱ्या घरातली बाई तिकडे फिरकायची नाही. मिशनचं पाणी प्यायलं की बाटलो, ही भीती. सरकारी दवाखान्यात कोणकोण शेजारी निजेल कुणास ठाऊक, ही दुसरी. आणि तिसरी सगळ्यात मोठी: दवाखान्यात माणूस जातं ते मरायलाच. ही तिसरी अगदीच खोटीही नव्हती, कारण घरचे सगळे उपाय थकल्यावर, दोन-दोन दिवस कळा देऊन बाई गार पडायला लागली की मगच तिला खाटेवर घालून न्यायचे. अशी केस वाचणार कशी? आणि मेली की पुन्हा गल्लीत तेच, "बघा, नेलं आणि गेली."

माझ्या आजीचं माहेर रामटेकचं, सासर महालात. तिचं पहिलं बाळंतपण घरीच झालं. माजघरामागची खोली, एकच झरोका, तोही पोत्यानं बंद केलेला, बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून. खाटेखाली कोळशाची शेगडी, ओव्याची धुरी. सुईण अनुभवी होती, हात हलका होता, आजीनं तिला कधी दोष दिला नाही. मुलगा झाला, रडला, प्यायला. नाळ घरच्या विळ्यानं कापली आणि वर गोवरीची राख दाबली. सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून सटवाई पुजली. दुसऱ्या दिवशी बाळानं अंगावर ओढायचं सोडलं. जबडा उघडेना. संध्याकाळी जरा दार वाजलं की अंग धनुष्यासारखं ताठ व्हायचं. नवव्या दिवशी गेलं. सगळे म्हणाले, सटवाईनं कपाळावर तेवढंच लिहिलं होतं.

नर्सिंगच्या वर्गात नवजात धनुर्वाताचं प्रकरण शिकवलं तेव्हा मी घरी येऊन आजीला एकेक लक्षण वाचून दाखवलं. शेणामातीत हे जंतू बीजाच्या रूपात वर्षानुवर्षं टिकून राहतात, ताज्या कापलेल्या नाळेतून आत शिरतात, आणि लक्षणं दिसायला साधारण आठवडा लागतो. सटवाई लिहायला येते तेही त्याच दिवसांत. एवढी बाळं त्याच आठवड्यात जात असतील तर लोकांनी त्या रात्रीला देवी बसवली यात नवल ते काय. आजी ऐकत होती, तांदूळ निवडणं चालूच होतं. म्हणाली, "म्हणजे विळा उकळला असता तर?" मी म्हटलं, "विळा उकळायचा आणि राख नाही लावायची." ती पुढं काही बोलली नाही.

दुसऱ्या खेपेला आजोबांनी ठरवलं की बर्डीला न्यायचं, मातृ सेवा संघात. आजोबा शाळामास्तर, घरात त्यांचा शब्द फारसा चालायचा नाही, पण या एका गोष्टीला ते अडून बसले. तेव्हा संघाला पंधरा वर्षं होत आली होती. १९२१ मध्ये कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने या दोघींनी तो काढला. नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन झालं ते १९२० च्या डिसेंबरात, असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब झालं ते तिथंच, आणि त्यानंतरच्याच वर्षाची ही गोष्ट. त्याआधी प्लेगनं शहर कितीदा तरी रिकामं केलं होतं, १९१८ च्या इन्फ्लुएंझानं तर मध्य प्रांत-वऱ्हाडात घरंच्या घरं ओस पाडली होती. कमलाताई १८९६ च्या. लहानपणी लग्न, कोवळ्या वयात वैधव्य, मग डफरिनमध्ये नर्सिंगचं शिक्षण.

यातलं शेवटचं वाक्य आज सहज वाचून पुढं जाता येतं, म्हणून जरा थांबते. त्या काळी नर्स होणं म्हणजे लोकांचं रक्त, मल, वार, सगळं हातानं काढणं. बहुतेक नर्सेस ख्रिस्ती. 'चांगल्या घरची' मुलगी हे काम करते म्हटल्यावर बिऱ्हाड मिळायची पंचाईत. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनानं विधवांना ही वाट दाखवली होती खरी, पण वाट दाखवणं निराळं आणि त्या वाटेनं रोज सकाळी हातात पिशवी घेऊन शेजाऱ्यांच्या नजरेसमोरून जाणं निराळं.

आणि विधवा. हळदीकुंकवाला नको, ओटी भरायला नको, बारशाला पाळण्याजवळ नको. सकाळी कामाला निघताना आडवी आली तर माणूस परत घरात जाऊन पाणी पिऊन निघायचा. अशा बाईनं प्रसूतिगृह काढावं! म्हणजे शहरात जे मूल जन्माला येईल, ज्याच्यासाठी पाचवी पुजायची, ज्याला दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावायची, ते मूल जगात आल्या आल्या पहिल्यांदा पडणार ते विधवेच्या हातात. मला नेहमी वाटतं, संघाचं खरं धाडस हेच होतं. पैसा काय, पुढं मिळतो. लोक याला तयार कसे झाले असतील, हे मला अजूनही पुरतं उमगलेलं नाही.

आमच्या घरात तरी सुखासुखी झाले नाहीत. माझी पणजी दारात उभी राहिली. "पांढऱ्या कपाळाची बाई माझ्या नातवंडाला पहिला हात लावणार का?" टांगा खाली उभा होता. आजोबा म्हणाले, "मागच्या वेळी सवाष्णीनंच लावला होता, आई." झालं, एवढ्यावर पणजी बाजूला सरकली. टांगा जुम्मा तलावाच्या कडेनं, कॉटन मार्केटवरून, लोहापुलाखालून बर्डीला. मे महिना, दुपार, आणि नागपूरचा मे काय असतो ते नागपूरकरांना सांगायला नको. आजीला कळा सुरू झालेल्या, टांगेवाला घोड्याला शिव्या देतोय आणि मधेच मागं वळून "माय, धीर धर वं," म्हणतोय.

आत गेल्यावर आजीला सगळ्यात पहिल्यांदा काय जाणवलं तर उजेड. खिडक्या उघड्या, त्यांना वाळ्याचे ओले पडदे. बाळंतिणीच्या खोलीत वारा, हे तिच्या कल्पनेतच नव्हतं. दुसरी गोष्ट, नऊवारी नेसलेली एक उंच बाई साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होती. धूतच होती. आजीला वाटलं, माझ्याकडे यायचं सोडून ही काय करत बसलीय. तिला सगळे अक्का म्हणत. अक्कानं पोटाला लाकडी नळी लावली, कान टेकवला आणि डोळे मिटून ऐकत राहिली. मग म्हणाली, "ऐकू येतंय. तुझ्यापेक्षा तेच धीराचं आहे."

आईचा जन्म पहाटे झाला. मोठी झाल्यावर मी एकदा आजीला विचारलं होतं, तुला नाही का गं काही वाटलं, विधवेच्या हातून? आजी म्हणाली, "तिच्या कपाळाकडे बघायला शुद्ध कुणाला होती? मी तिच्या हातांकडे बघत होते."

ते हात धुणं म्हणजेच अर्धं प्रसूतिशास्त्र. व्हिएन्नाच्या सेमेलवाइसनं १८४७ मध्ये दाखवून दिलं होतं की डॉक्टरांनी नुसते हात नीट धुतले तरी बाळंतज्वरानं मरणाऱ्या बायका कितीतरी कमी होतात, आणि त्याचं बक्षीस म्हणून त्याच्याच सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. बाळंतज्वरावर औषध म्हणून सल्फा आलं ते १९३५-३६ च्या सुमारास, पेनिसिलिन सर्वसामान्यांच्या हाती पडलं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. म्हणजे अक्कासारख्यांनी सुरुवातीची सगळी वर्षं काढली ती साबण, उकळलेलं पाणी, उकळलेला दोरा, उकळलेली कात्री आणि उन्हात वाळवलेली फडकी यांच्या भरवशावर. एकदा ताप चढला की हातात काही नव्हतं, म्हणून ताप येऊच द्यायचा नाही. आमच्या पिढीला अँटिबायोटिक मिळालं आणि आमचे हात आळशी झाले, हे मी नव्या मुलींना तोंडावर सांगायचे. त्यांना राग यायचा.

देशाच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं १९४६ च्या अहवालात देशातल्या माता मृत्यूंचा अंदाज दिलाय, हजार जन्मांमागे सुमारे वीस बाया. म्हणजे पन्नास बाळंतपणं झाली की एक बाई गेली. प्रत्येक वाड्यात अशी एक तरी असायची, आणि मागं 'सावत्र आई' नावाची गोष्ट उरायची. २०१८-२० च्या आकड्यांत भारताचं प्रमाण लाखामागं ९७ वर आलंय, महाराष्ट्राचं ३३ वर. नवजात धनुर्वाताचं तर २०१५ मध्ये देशातून उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. वर्तमानपत्रात ती बातमी कुठल्यातरी आतल्या पानावर होती. मी कापून ठेवली.

दवाखान्यापर्यंत बाई आली ती आणखी एका कारणानं, ज्याचा उल्लेख अहवालांत सापडायचा नाही. तिथं तिचं बाळंतपण होत असे, नुसती डिलिव्हरी नाही. आजी दहा दिवस राहिली. घरून डबा जायचा, अळिवाची खीर, बाजरीचे पदार्थ, डिंकाचे लाडू. तेल-मालिश, शेक, सगळं जे घरी झालं असतं ते. शेगडी मात्र बंद खोलीत नाही. म्हणजे या बायकांनी जुन्यातलं काय मारतं आणि काय नुसतं मायेचं आहे हे बरोबर निवडलं होतं. विळा, राख, बंद झरोका बाहेर. खीर आणि लाडू आत. मिशनच्या आणि सरकारच्या दवाखान्यांत औषध त्याच तोडीचं होतं, कदाचित वरचढच असेल. पण तिथल्या मॅडम आजीला "लाडू कुणी केले गं, डिंक छान फुललाय," असं म्हणाल्या नसत्या.

संघ पुढं विदर्भात आणि त्यापलीकडेही पसरला. महालातच शाखा झाली, त्यामुळे माझ्या मावशीच्या वेळी लोहापूल ओलांडावा लागला नाही. मतिमंद मुलांसाठी नंदनवन, वृद्धांसाठी पंचवटी, समाजकार्याचं कॉलेज हेही त्यातूनच निघालं. कमलाताईंना पद्मश्री मिळाली, १९८१ मध्ये त्या गेल्या. वेणूताईंचं नाव मात्र आता नागपुरातही फारसं कुणी घेत नाही.

माझी शेवटची नोकरी होती ती एका ट्रस्टच्या प्रसूतिगृहात. नाव सांगत नाही, त्यात काम करणाऱ्या मैत्रिणी आहेत. तिथं जन्मनोंदीची जुनी रजिस्टरं माझ्या ताब्यात होती. कापडी पाठीची, लांबट, शाई तपकिरी पडलेली. नाव, वय, पत्ता, कितवी खेप, कळा सुरू झाल्याची वेळ, मुलगा की मुलगी, वजन पौंडांत, आणि शेवटी शेरा. शेऱ्यात पानंच्या पानं एकच वाक्य: 'बाळ-बाळंतीण सुखरूप'. मधेच एखादी ओळ कोरी, आणि पुढं फक्त तारीख. बाळाच्या नावाचा रकाना सगळा रिकामा, कारण बारसं व्हायचं घरी गेल्यावर. पासपोर्टसाठी, पेन्शनसाठी साठी-पासष्टीची माणसं जन्माचा पुरावा शोधत यायची आणि त्यांना त्यांच्या ओळीत सापडायचं फक्त 'मुलगा'. एक सद्गृहस्थ तर त्यावर रुसले होते. आता कायद्यात पंधरा वर्षांच्या आत नाव घालून घ्यायची सोय आहे, पण तेव्हा कुणाला दाखला लागत होता?

मला रस होता तो सगळ्यात उजवीकडच्या बारीक रकान्यात. बाळंतपण कुणी केलं. डॉक्टर आले असतील तिथं डॉक्टरांचं पूर्ण नाव, डिग्रीसकट. बाकी ठिकाणी, म्हणजे बहुतेक सगळीकडे, 'ताई', 'माई', 'अक्का', फार तर एखादं आद्याक्षर. आडनाव नाही. विधवेनं आडनाव लावायचं कुणाचं, हाही प्रश्नच असेल म्हणा.

इमारतीची रंगरंगोटी निघाली तेव्हा ती रजिस्टरं जिन्याखाली गेली. मी दोनदा अर्ज दिला की स्कॅन करून घ्या, महापालिकेकडे द्या, नाही तर विद्यापीठाला द्या. ट्रस्टींपैकी एक म्हणाले, "सिस्टर, कायद्यानं जितकं ठेवायचं तितकं आपण ठेवलंय." पावसाळ्यात वाळवी लागली, आणि दिवाळीच्या साफसफाईत ती रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेली. माझी सुट्टी होती. दुसऱ्या दिवशी आयाबाईंनी सांगितलं, "लय जड होते वं बाई, पैसे बरे आले."

अशी प्रसूतिगृहं आता ओसरत चालली आहेत, आणि त्याला कुणा एकाला धरून बोल लावता येत नाही. १९९२-९३ मध्ये देशातली साधारण चौथाई बाळंतपणं दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ती ८९ टक्क्यांवर गेली. जननी सुरक्षा योजना २००५ मध्ये आली, आशा वर्कर गल्लीगल्लीत पोचली, गरीब बाई हक्कानं सरकारी दवाखान्यात जाऊ लागली. ज्यांच्याकडे पैसा आला त्या रामदासपेठेतल्या नर्सिंग होममध्ये गेल्या. मधल्या दवाखान्याकडे कोण येणार? त्याच पाहणीनुसार देशात दर पाच जन्मांमागं एकाहून जास्त जन्म सिझरनं होतात. सिझरनं जीव वाचतात, मी डोळ्यांनी बघितलेत, त्याला नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही. पण सात-आठ तास एका बाईच्या उशाशी बसून, लाकडी नळी लावून, "ऐकू येतंय" म्हणायला आता पगारपत्रकात जागा नाही, हेही तितकंच खरं.

रद्दीत गेलं ते गेलं. मी सध्या एका वहीत जुन्या नर्सेसची नावं गोळा करते आहे. ऐंशीच्या पुढच्या बायांना बाकी काही आठवो न आठवो, बाळंतपण कुणी केलं ते पक्कं आठवतं: आवाज कसा होता, बांगड्या होत्या का नव्हत्या, रागवायची का. तेवढंच लिहून घेते. तुमच्या घरात कुणाला आठवत असेल तर मला हवंय. विशेषतः ही: मातृ सेवा संघ, बर्डी, १९३६ चा उन्हाळा. उंच, डोळे घारे, नऊवारी, बोलण्यात थोडा कानडी हेल. हात धुवायला फार वेळ लावायची. सगळे अक्का म्हणत.